आधी टोपी, मग डोकं

'टोपी घालणे' हा वाक्प्रचार मराठीत ज्याने प्रथम रूढ केला, त्या अज्ञात महापुरुषाला संगणकावरच्या खेळांची कल्पना असणं शक्य नव्हतं. तरीही त्याचे शब्द इतके तंतोतंत खरे ठरावेत, याला द्रष्टेपण नाही तर काय म्हणायचं? आज या खेळांच्या बाजारात खरोखरच टोप्या विकतात. उन्हात उपयोगी नाहीत, पावसात उपयोगी नाहीत, लग्नात आहेर म्हणून व्याह्यांच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत, अशा टोप्या. त्या पडद्यावरच्या खोट्या माणसाच्या खोट्या डोक्यावर बसतात आणि खिशातल्या खऱ्या पैशाला मिळतात.

बरं, हौसेला मोल नसतं. आमच्या सौभाग्यवतींनी फ्रिजला क्रोशाचं आच्छादन, टीव्हीला झालरीचा पडदा आणि मिक्सरला फुलाफुलांचा झगा शिवला, त्या घरात मी चाळीस वर्षं काढली आहेत. वस्तू नटवण्याच्या हौसेविरुद्ध बोलायची माझी काय प्राज्ञा? पण त्या माउलीने फ्रिज घरात येण्याच्या आधी त्याचा झगा शिवायला घेतला नव्हता. माझं भांडण आहे ते एवढ्याच मुद्द्यावर.

तुम्ही म्हणाल, पेन्शनीतल्या माणसाला संगणकावरच्या खेळांशी काय करायचंय? हरिपाठ करावा, कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून सरकारला सल्ले द्यावेत. मी तेही करतो. पण दर शनिवारी रात्री नऊ वाजता मी कानाला हेडफोन लावतो आणि एका निर्जन बेटावर जातो. तिथे माझा भाचा असतो. तो एरवी हॅम्बर्गला असतो. त्याचा कॉलेजातला एक मित्र नाशकाहून येतो, आणि आमच्याच सोसायटीतल्या वकीलसाहेबांची मुलगी दुसऱ्या मजल्यावरून येते. चौघांनी मिळून लाकडं तोडायची, मासे पकडायचे, झोपडी बांधायची, रात्री रानडुकरं आली की पळायचं. प्रत्यक्षात मला साधी गॅलरीतली कुंडी हलवायची झाली तरी कंबर धरते. तिथे मी आख्खा वड पाडतो. भाच्याशी फोनवर 'काय, कसं काय?', 'बरंय', 'जेवलास का?' यापलीकडे बोलणं जात नाही. बेटावर मात्र लाकडं फोडताफोडता पोरगं नोकरीचं, मनातलं, घरमालकिणीचं, सगळं बोलतं. माझ्या बहिणीला ठाऊक नसलेल्या त्याच्या दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. तेव्हा हा खेळ आमच्यात पोरखेळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा खेळ आम्ही 'अर्ली ॲक्सेस'मध्ये घेतला. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वी खेळ पुरा व्हायचा आणि मग विकायला यायचा. पुढे काही मंडळींच्या लक्षात आलं, की खेळ पुरा करायला पैसे लागतात आणि पैसे मिळवायला खेळ विकावा लागतो. मग अर्धाच विकला तर? संगणकावरच्या खेळांची 'स्टीम' नावाची एक मोठी पेठ आहे, तिने २०१३ च्या मार्चमध्ये या अर्धवट खेळांसाठी एक वेगळं दालनच उघडलं. तुम्ही आता पैसे द्या, अर्धा खेळ खेळा, चुका दाखवा. आम्ही त्या दुरुस्त करू, राहिलेला भाग बांधू, आणि एक दिवस पुरा खेळ तुमच्या हाती देऊ. त्या दिवसाला '१.०' असं नाव आहे. काही भाविक त्याची वाट कल्की अवताराइतक्याच श्रद्धेने पाहत असतात.

कल्पना वाईट नाही, उलट झकास आहे. मार्कुस पेरसन नावाच्या स्वीडनमधल्या एका माणसाने या दालनाच्याही आधी, २००९ पासून, आपला 'माइनक्राफ्ट' असाच कच्चा विकला. पण तो कच्चा म्हणून जवळजवळ निम्म्या किमतीत विकला, आणि २०११ च्या नोव्हेंबरात पुरा करून दिला. 'हेडीस' हा खेळ २०१८ च्या डिसेंबरात अर्धवट आला आणि २०२० च्या सप्टेंबरात पुरा झाला. तो कच्चा असताना उघडला की पुढच्या मोठ्या अपडेटला किती अवकाश आहे, हे समोरच लिहिलेलं असायचं. गाडी किती वाजता सुटणार हे फलाटावर लिहिलेलं असावं, इतकी साधी गोष्ट. 'बाल्डर्स गेट ३'च्या लोकांनी २०२० च्या ऑक्टोबरात फक्त पहिला अंक दाखवला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पडदा उघडून पुरं नाटक केलं. मध्ये जवळजवळ तीन वर्षं गेली. गेली तर गेली. मध्यंतरात बटाटेवडे विकले नाहीत.

उशिराबद्दल माझी तक्रार नाही, हे ध्यानात घ्या. आमची पिढी थांबण्यात वाकबगार आहे. आम्ही स्कूटरचा नंबर लावून थांबलो, टेलिफोनचा नंबर लावून थांबलो, गॅसच्या सिलिंडरसाठी थांबलो. तीर्थरूपांनी नंबर लावावा आणि चिरंजीवांनी स्कूटर आणावी, अशी घरं मी पाहिली आहेत. तेव्हा 'सेव्हन डेज टू डाय' नावाचा खेळ २०१३ च्या डिसेंबरात कच्चा आला आणि २०२४ च्या जुलैत पुरा झाला, म्हणजे नावात सात दिवस आणि प्रत्यक्षात साडेदहा वर्षं, हे ऐकून माझी पापणीही हलली नाही. पण आम्ही स्कूटरसाठी थांबलो होतो तेव्हा दर महिन्याला कोणी दारात येऊन, 'साहेब, तुमच्या स्कूटरचं सीट कव्हर आलंय बघा, वाघाच्या पट्ट्यांचं, फक्त याच आठवड्यात,' असं म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर आमच्या आळीतून तो धड परत गेला नसता.

इथे नेमकं तेच चालतं. पंगत बसवलेली आहे. पानं मांडली आहेत. पानात डावीकडे मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली आहे. वरणभात अजून चुलीवर आहे, आचारी पळून गेल्याची कुजबुज आहे, आणि यजमान स्वतः अत्तरदाणी घेऊन रांगेतून फिरताहेत: 'घ्या ना! गुलाब घ्या, हीना घ्या. फुकट नाही हं, साडेतीनशे रुपये.' कोणी भुकेला चिडून विचारतो, 'अहो, भात?' तर यजमान दुखावल्या चेहऱ्याने म्हणतात, 'अत्तराची सक्ती थोडीच आहे?'

या अत्तराला, म्हणजे टोप्या, झगे, बंदुकीवरचे रंग वगैरे मालाला, धंद्यात 'कॉस्मेटिक' म्हणतात. त्याचा इतिहास एका घोड्यापासून सुरू होतो असं सांगण्याची रीत आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा लोक खवळले. लुटुपुटीच्या घोड्याला लुटुपुटीचं चिलखत आणि पैसे मात्र खरे! जगभर चेष्टा झाली. पण चेष्टा करणारेच गुपचूप विकतही घेत असावेत, कारण धंदा बसला नाही, वाढला. २०२५ साली तोच खेळ नव्या रंगरूपात आला तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीबरोबर घोड्याचं नवं चिलखत होतंच. मात्र २००६ च्या त्या घोड्याबद्दल एक चांगला शब्द लिहून ठेवला पाहिजे. तो खेळ पुरा झालेला होता. घोडा धावत होता. अंगरखा नंतर आला.

क्रम बिघडला तो पुढे. 'पब्जी' आपल्याकडे आयाबायांनासुद्धा शत्रू म्हणून ठाऊक आहे, पण तो मोबाइलवरचा. संगणकावरचा मूळ खेळ २०१७ च्या मार्चमध्ये अर्धवट अवस्थेत आला. ऑगस्टमध्ये जर्मनीत त्याची मोठी स्पर्धा भरली, आणि त्यानिमित्ताने कपड्यांच्या पेट्या आल्या. पेटी उघडायची किल्ली अडीच डॉलर. आत कोणता कपडा निघेल ते उघडल्यावर कळणार. म्हणजे वस्त्रालंकार अधिक मटका. याच वेळी त्या खेळातल्या शूरवीराला कंबरेएवढ्या भिंतीवर हात टेकून चढता येत नव्हतं. खिडकीतून आत शिरायचं तर उडी मारतामारता अंग आकसून घ्यायची एक चमत्कारिक कसरत शिकावी लागे. भिंत चढण्याची सोय आली डिसेंबरात. चार महिने हा योद्धा नवी विजार घालून कुंपणाशी उभा! लोक ओरडले ते काही विजारीवर नव्हे.

त्याआधी वर्षभर, २०१६ च्या सप्टेंबरात, 'आर्क' नावाच्या डायनासोरांच्या खेळाने आणखी बहार केली. खेळ अर्धवट आणि त्याची वीस डॉलरची पुरवणी तयार! मूळ ग्रंथ ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचं परिशिष्ट जवळजवळ वर्षभर आधी. आमचे एक प्राध्यापक असेच होते. प्रबंध कधी लिहिलाच नाही, पण ऋणनिर्देश मात्र पाठ होता.

आणि 'स्टार सिटिझन'. इथे मी कान पकडून नमस्कार करतो. क्रिस रॉबर्ट्स या नामवंत माणसाने २०१२ साली लोकांकडून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, २०१४ साली खेळ देतो म्हणून. २०२४ पर्यंत लोकांचे ७० कोटी डॉलरांहून अधिक जमा झाले, आणि खेळ कच्चाच होता. तिथे टोप्या नाहीत, अवकाशयानं विकतात. (यान हे काही निव्वळ नटण्याचं साधन नव्हे हे मला मान्य आहे, पण गोष्ट त्याच वळणाची.) काही यानं अजून बांधलेलीच नसतात, त्यांचं चित्र असतं. तुम्ही चित्र विकत घ्यायचं, आणि यान तयार होईतो कंपनी तुम्हाला दुसरं यान वापरायला देते. सायकल दुरुस्तीला टाकली की दुकानदार आपली खटारा सायकल द्यायचा, त्यातला प्रकार. फरक एवढाच, की इथे दुरुस्तीला टाकलेली सायकल मुळात जन्मलेलीच नाही. २०१८ साली त्यांनी जवळजवळ सगळ्या यानांचा एक गठ्ठा २७,००० डॉलरला काढला. तो नुसता पाहायला मिळण्यासाठीसुद्धा तुम्ही आधी १,००० डॉलर खर्च केलेले असावे लागत. आमच्या लक्ष्मी रोडवरचे दुकानदार शालू दाखवायला कंटाळतात हे खरं, पण दाखवायचे पैसे घेत नाहीत.

आता आमच्या बेटाकडे येतो. खेळाचं नाव सांगत नाही. वकीलसाहेबांनी तसं बजावलं आहे. आमच्या बेटावर एक नाव आहे. चौघांची. शेजारी दुसरं बेट दिसतं, तिथे जायचं तर नाव हवी. आम्ही तीन शनिवार खपून ती बांधली. पहिला बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा बसला की नाव जागच्या जागी समुद्राच्या तळातून खाली जाते. बुडत नाही, लक्षात घ्या. बुडणं समजू शकतो. ही तळ फोडून खाली, पाताळात, काळ्याकुट्ट शून्यात जाते आणि सोबत चौघांचं सामान नेते. याला बग म्हणतात. हा बग आम्ही कळवला, त्याला दोन वर्षं झाली. आमच्याआधी आणि नंतर कळवणारे आहेत ते वेगळेच. तेव्हापासून दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून एकाला किनाऱ्यावर ठेवतो आणि तिघं जातो. किनाऱ्यावरचा माणूस तोवर लाकडं फोडतो आणि हेडफोनमधून आमच्या गमती ऐकतो. वकीलसाहेबांच्या मुलीचं नशीब चिठ्ठ्यांच्या बाबतीत विशेष वाईट होतं.

या दोन वर्षांत कंपनी स्वस्थ बसली होती असं मात्र म्हणता येणार नाही. तेवीस टोप्या आल्या. मी मोजल्या आहेत. पेन्शनीत वेळ असतो. गवताची टोपी, शिंगांची टोपी, खेकड्याची टोपी, नाताळची, दुसऱ्या नाताळची. एक टोपी तर अशी आहे की तिच्यावर छोटीशी नाव आहे. ती नाव बुडत नाही! साडेतीनशे रुपये. त्या टोपीवर पाऊस पडला तर थेंब ओघळतात, वाऱ्याने तिचं शीड फडफडतं. काम वाखाणण्यासारखं. ज्या हातांनी ते केलं त्यांना माझा खरोखर नमस्कार आहे.

नावेचं काय, असं विचारलं की 'रोडमॅप' दाखवतात. रोडमॅप म्हणजे रस्त्याचा नकाशा. सुरेख रंगीत चित्र असतं, त्यात मैलाचे दगड असतात, फक्त दगडांवर मैल नसतात. पहिल्या वर्षी नावेच्या शेजारी 'तिसरी तिमाही' असं लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी 'यंदा'. आता 'लवकरच' असं आहे. मराठी व्याकरणात भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ शिकवतात, त्यात हा चौथा 'लवकरच' काळ घालायला हवा. लोकप्रतिनिधी आणि शिंपी तो पूर्वापार वापरत आले आहेत.

आमच्या मजल्यावर एक मॅनेजरसाहेब राहतात. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यामुळे या धंद्याची बाजू त्यांच्याकडे पक्की असते. लिफ्ट बंद असली की जिन्यात आमचा वाद रंगतो. (लिफ्टही 'लवकरच' काळातच आहे.)

"काका," ते म्हणाले, "तुमचं कसं चुकतंय सांगू का? टोपी काढणारा असतो आर्टिस्ट. नाव दुरुस्त करणारा प्रोग्रामर. आर्टिस्टला नाव दुरुस्त करता येत नाही. मग त्याने काय, रिकामं बसायचं?"

हे उत्तर या वादात कुठेही जा, हमखास भेटतं. आणि खोटं नाही, हीच त्यातली पंचाईत आहे. रंगाऱ्याला नळ दुरुस्त करता येत नाही, मान्य. पण घरात पाणी ठिबकत असताना पाच रंगारी आणि एक प्लंबर कामावर कोणी ठेवले? पगाराची पिशवी एकच, आणि तिची नाडी कोणाच्या हातात आहे तेही उघड आहे. पुढच्या वेळी भरती करताना प्लंबर घ्या की! रंगाऱ्याशी कोण भांडतंय?

"बरं, मग पगार कुठून द्यायचे?" साहेब दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले. "खेळ एका माणसाला एकदाच विकला जातो. पहिल्या महिन्यात जो गल्ला जमतो तो जमतो. नंतर सर्व्हरचं भाडं दर महिन्याला, पगार दर महिन्याला. टोप्यांवरच दुकान चालतं, काका. टोप्या बंद केल्या तर तुमची नाव कायमची गेली."

हा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि मी त्याच्यावर एक आख्खा आठवडा काढला. खेळाची किंमत एकदाच मिळते आणि खर्च रोजचा, ही या धंद्याची खरीच अडचण आहे. अशाने किती दुकानं मोडली. 'द डे बिफोर' नावाचा एक गाजावाजा झालेला खेळ २०२३ च्या ७ डिसेंबरला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि ११ तारखेला कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. चार दिवस! आमच्याकडे सत्यनारायणाचा मांडवसुद्धा त्याहून जास्त दिवस राहतो. लोकांचे पैसे परत मिळाले, एवढंच बरं. तेव्हा टोपी विकून का होईना, कंपनी जिवंत राहिली पाहिजे, हे मला कबूल.

पण मॅनेजरसाहेब एक गोष्ट सोईस्कर विसरतात. दुकान टोप्यांवर चालायला लागलं की ते टोप्यांचं दुकान होतं. नाव दुरुस्त केली तर कंपनीला एक पैसा जास्त मिळत नाही. आम्ही तिचे पैसे कधीच देऊन बसलो आहोत. टोपी काढली की मिळतो. मग सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये कोणतं काम आधी लागणार, हे सांगायला मॅनेजमेंटची पदवी लागत नाही. आणखी पुढची गंमत अशी, की अर्धवट खेळाला काही विचारायची सोय नसते. चूक दाखवा, 'अहो, अर्ली ॲक्सेस आहे' हे उत्तर तयार. खेळ पुरा झाला असं एकदा जाहीर केलं की ही ढाल गेली. मग लोक हिशेब मागणार. म्हणजे पुरं करण्यात तोटा आणि अर्धवट ठेवण्यात फायदा, असा हा उलट्या तराजूचा व्यापार आहे. हे लोक लबाडच असले पाहिजेत असंही नाही. चार सज्जन माणसं या तराजूवर बसवा, तीही त्याच बाजूला झुकतील. म्हणून मला त्या तराजूचाच राग येतो. आणि टोपीवर बक्कळ पैसा मिळत असून त्यातला एक रुपया नावेकडे वळवत नाहीत, त्यांचा तर येतोच येतो.

"पण सक्ती कुठे आहे?" हा साहेबांचा शेवटचा बाण, तिसऱ्या मजल्यावरचा. "नका घेऊ टोपी!"

नाही घेतली. तेवीसांतली एकही घेतली नाही. पण त्याने झालं काय? कंपनीच्या वहीत माझी गणना 'काही न घेणारा' या सदरात होते, आणि न घेणाऱ्याच्या नावेची चिंता कोण वाहणार? खेळ ज्याच्या पैशावर चालतो त्याच्याच आवडीने वळतो. आमच्या बेटावर अलीकडे एक आरसा आला आहे. जंगलात, निर्जन बेटावर, पुरुषभर उंचीचा आरसा! टोपी कशी दिसते ते पाहायला.

स्टीमने आपल्यापुरते हात झटकलेले आहेत. अर्धवट खेळाच्या पानावर ठळक सूचना असते: हा खेळ अपुरा आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आहे त्या स्थितीत आवडत असेल तर घ्या, नाही तर थांबा. एस.टी.त 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी' अशी पाटी असते, तिचाच हा अवतार. २०१५ पासून पैसे परत मिळण्याचीही सोय आहे: विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि खेळून दोन तास व्हायच्या आत. उत्तम नियम. पण नाव बांधायला आम्हाला तीन शनिवार लागले होते. पहिल्या दोन तासांत मी माझ्या माणसाचं नाक निवडत होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक बरी गोष्ट केली. एखाद्या अर्धवट खेळाला वर्षाहून अधिक काळ अपडेट नसेल तर तसं त्याच्या पानावर लिहून येऊ लागलं. निदान पाटी लागली. ओसाड वाड्याला 'वाडा ओसाड आहे' अशी पाटी असणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं.

अर्धवट वस्तू विकत घेण्याचा आपला, मराठी माणसाचा, अनुभव काही कमी नाही. आपण वर्षानुवर्षं फ्लॅट याच पद्धतीने घेत आलो. जमिनीत खड्डा आणि हातात माहितीपत्रक, त्यात पोहण्याचा तलाव आणि बिल्डरची हसरी मुद्रा. किती लोकांनी उभा जन्म भाड्याच्या घरात काढून हप्ते भरले! शेवटी २०१६ साली 'रेरा' कायदा झाला आणि २०१७ च्या मेपासून आपल्याकडे महारेराचं काम सुरू झालं. त्यात एक सोन्यासारखं कलम आहे. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि ते त्या प्रकल्पाच्या जमिनीवर नि बांधकामावरच खर्च करायचे. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात. त्याने सगळे बिल्डर संत झाले असं कोणी म्हणणार नाही. पण विचारायला एक दार झालं.

नऊशे रुपयांच्या खेळाला रेरा आणा, असं म्हणण्याइतका मी अजून बेटावर राहून रानटी झालेलो नाही. पण त्यातली अक्कल उसनी घ्यायला कायदा कशाला लागतो? आलेल्या टोपीच्या पैशातला अमुक वाटा दुरुस्तीला, असं जाहीर करा आणि पाळा. जुना बग उभा असताना नवी टोपी काढायची नाही, एवढं पथ्य एक वर्ष सांभाळून दाखवा. 'लवकरच'च्या जागी तारीख लिहा. चुकली तर चुकली, पुढची लिहा, आम्ही काही फासावर देत नाही. जुन्या खेळाडूंचा राग हा कंपनीला फुकटात मिळालेला सगळ्यात मोठा ठेवा आहे, कारण ज्याला पर्वा नाही तो ओरडत नाही, निघून जातो. पण त्या रागाला म्हणतात काय, तर पोरकटपणा, हावरेपणा, 'टॉक्सिक'. पंगतीत बसून भात मागणारा हावरा!

हे सगळं मी सभ्य इंग्रजीत कंपनीला लिहिलं. बँकेत तीस वर्षं पत्रव्यवहार केलेला आहे, 'विथ रेफरन्स टू'पासून सुरुवात केली. चार मिनिटांत उत्तर आलं. आमच्या बेटावरच्या प्रेमाबद्दल आभार, तुमच्यासारख्या खेळाडूंमुळेच आम्ही आहोत, तुमची सूचना संबंधितांपर्यंत पोहोचवली आहे. आणि खाली, आभाराची खूण म्हणून, कोणत्याही टोपीवर वीस टक्के सूट. तिची मुदत होती रविवार रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत. पाहा म्हणजे, तारीख घालता येत नाही असं नाही!

गेल्या महिन्यात वकीलसाहेबांच्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली. शनिवारीही काम असतं म्हणाली, आणि नसलं तरी रात्री नऊला डोळे मिटतात. जाताना पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काका, नाव दुरुस्त झाली की कळवा हं. मी येईन." मी 'लवकरच' म्हणालो. दुसऱ्या बेटावर एक धबधबा आहे आणि त्याच्यामागे गुहा आहे. ती तिने कधीच नीट पाहिली नाही, हेडफोनमधून ऐकली तेवढीच.

आता शनिवारी आम्ही तिघंच असतो. नावेत व्यवस्थित मावतो. चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत.